तीन पैसे, पाच पैसे आणि वक्राचं टोक

आमच्याकडे आजीच्या एका जुन्या डब्यात अजून अ‍ॅल्युमिनियमची नाणी आहेत, त्यात षटकोनी तीन पैसे आहेत आणि चौकोनी, कोपरे गोल केलेले पाच पैसे. समजा खिशात फक्त ही दोनच प्रकारची नाणी आहेत, हवी तेवढी आहेत, पण दुकानदाराकडे परत द्यायला सुट्टे अजिबात नाहीत. मग नेमक्या कुठल्या कुठल्या किमतीची वस्तू घेता येईल? ३ ची येईल, ५ ची येईल, ६ ची येईल कारण तीन-तीनची दोन नाणी, ८ म्हणजे तीन आणि पाच, ९ म्हणजे तीनदा तीन, १० म्हणजे दोनदा पाच. आणि ८, ९, १० अशा सलग तीन रकमा जमल्या की पुढचं सगळंच जमतं, कारण प्रत्येकीत अजून एक तीन पैसे टाकत जायचं. राहिल्या कुठल्या? १, २, ४ आणि ७. या चार रकमा काही केल्या देता येत नाहीत.

हे चार आकडे लक्षात ठेवा, १, २, ४, ७. पुढे मी जे सांगणार आहे ते बैजिक भूमितीतलं आहे, म्हणजे समीकरणांनी बनलेल्या आकारांचा अभ्यास, आणि तिथे वक्राच्या बिघडलेल्या बिंदूत काय काय दडलंय हे याच चार आकड्यांवरून वाचता येतं. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून ती नीट, घाई न करता सांगतो.

आधी बिघडलेला बिंदू म्हणजे काय ते बघू. वर्तुळ घ्या, त्याच्या कुठल्याही बिंदूवर भिंग ठेवून जवळ जवळ जात राहिलात तर ते सरळ रेषेसारखं दिसायला लागतं. अशा बिंदूला गुळगुळीत म्हणतात. आता य चा वर्ग = क्ष चा घन हे समीकरण घ्या. त्याचा आलेख काढला तर पिंपळाच्या पानाच्या टोकासारखं टोक येतं, दोन्ही कडा एकाच दिशेने येऊन शून्य बिंदूवर चिकटतात. कितीही जवळ जा, टोक टोकच राहतं. अशा बिंदूला सिंग्युलॅरिटी म्हणतात.

पण डोळ्यांवर फार भरवसा ठेवायचा नाही. य चा घन = क्ष चा ५ वा घात हा वक्र कागदावर काढून बघा, शून्याजवळ कुठेही टोक दिसणार नाही, डावीकडून खालून येतो, शून्यावर आडवा होतो आणि उजवीकडे वर निघून जातो, बघणाऱ्याला वाटेल की सगळं ठीक आहे. प्रत्यक्षात तिथला बिघाड आधीच्या टोकापेक्षा बराच जास्त आहे. कागदावर आपल्याला फक्त वास्तव संख्या दिसतात, आणि हे वक्र खरं तर राहतात संमिश्र संख्यांच्या जगात, जिथे −१ लाही वर्गमूळ असतं. मग डोळ्यांऐवजी मोजायचं कशाने? तर आकड्यांनी, आणि ते असं.

या दुसऱ्या वक्रावर चालायची एक सोपी पद्धत आहे. ट नावाची एक संख्या घ्या, क्ष = ट चा घन ठेवा आणि य = ट चा ५ वा घात. य चा घन केला तर ट चा १५ वा घात, क्ष चा ५ वा घात केला तरी ट चा १५ वा घात, म्हणजे समीकरण आपोआप पाळलं जातं. ट = ० ठेवलं की आपण त्या बिघडलेल्या बिंदूवर असतो. आता क्ष आणि य वापरून कुठलंही बहुपद लिहा, त्यात ट घाला, आणि ट चा सगळ्यात लहान घात कुठला उरतो तो बघा. त्याला त्या बहुपदाची ऑर्डर म्हणू. क्ष ची ऑर्डर ३, य ची ५, क्ष गुणिले य ची ८, कारण गुणाकार केला की ऑर्डरी मिळवल्या जातात, साध्या स्थिर संख्येची ऑर्डर ०.

म्हणजे हीच तीन आणि पाच पैशांची नाणी झाली. या वक्रावर ज्या ज्या ऑर्डरी मिळू शकतात त्यांचा संच म्हणजे ०, ३, ५, ६, ८, ९, १० आणि पुढचं सगळं. मिळत नाहीत फक्त १, २, ४, ७. या संचाला सिंग्युलॅरिटीचा सेमीग्रुप म्हणतात, कारण त्यातल्या कुठल्याही दोन संख्यांची बेरीज परत त्याच्यातच येते, आणि न मिळणाऱ्या संख्यांना गॅप. गुळगुळीत बिंदूवर ऑर्डर १ असलेलं काहीतरी हाताशी असतंच, मग २, ३, ४ सगळं मिळतं, गॅप एकही नाही. पिंपळाच्या पानाच्या टोकावर नाणी २ आणि ३ ची, तिथे गॅप एकच, १. आपल्या दुसऱ्या वक्रावर चार. म्हणजे बिघाड जितका खोल तितक्या न जमणाऱ्या रकमा जास्त, आणि कागदावर साधा दिसणारा वक्र इथे पकडला जातो.

गॅपची संख्या मोजायचं सूत्र १८८० च्या दशकात सिल्वेस्टर या इंग्रज गणितज्ञाने दिलं. दोन नाण्यांना सामाईक विभाजक नसेल तर प्रत्येकातून एक वजा करा, गुणाकार करा आणि अर्धा करा. ३ आणि ५ साठी २ गुणिले ४ म्हणजे ८, त्याचं अर्धं ४. बरोबर. अर्धं का, याचं कारण फार सुंदर आहे. सगळ्यात मोठी गॅप ७ आहे ना, तर आता ० ते ७ मधल्या संख्यांच्या जोड्या लावा, ज्यांची बेरीज ७ होते अशा: ० आणि ७, १ आणि ६, २ आणि ५, ३ आणि ४. प्रत्येक जोडीत एक जमणारी रक्कम आणि एक न जमणारी. कुठेही चूक नाही, आरशासारखं. रॉजे अपेरी यांनी १९४६ मध्ये दाखवलं की सपाट पृष्ठभागावर मावणाऱ्या, एकाच शाखेच्या (म्हणजे त्या बिंदूतून वक्राचा एकच धागा जातो अशा) कुठल्याही वक्राला हा आरसा असतोच, फक्त दोन नाण्यांच्या सोप्या वक्रांनाच नाही. उलट ट चा ३ रा, ४ था आणि ५ वा घात घेऊन तीन मितींच्या अवकाशात वक्र काढला तर गॅप १ आणि २, जोड्या २ बेरजेच्या लावायच्या, आणि १ ची जोडी स्वतःशीच लागते, आरसा फुटतो. तो वक्र सपाटीवर बसवताच येत नाही.

गॅपच्या या संख्येला डेल्टा म्हणतात आणि ती नुसती बिघाडाची नोंद नाहीये, तिने हिशोब होतो. सपाटीवरच्या ड घाताच्या वक्राचं जीनस, म्हणजे संमिश्र संख्यांच्या जगात त्याला किती भोकं आहेत ते, कुठेही बिघाड नसेल तर (ड−१) गुणिले (ड−२) भागिले २ असतं. सिंग्युलॅरिटी असेल तर तिथला डेल्टा त्यातून वजा होतो. आपला वक्र ५ घाताचा, म्हणजे ४ गुणिले ३ भागिले २, बरोबर ६. त्यातून शून्य बिंदूचे ४ गेले, २ उरले. हे २ कुठे गेले? कारण आपण तर एका ट ने सगळा वक्र चालून आलो, म्हणजे जीनस ० यायला हवं. तर अनंतावर या वक्राची अजून एक सिंग्युलॅरिटी आहे, तिथे नाणी २ आणि ५ ची आहेत, गॅप १ आणि ३, म्हणजे डेल्टा २. सहा वजा चार वजा दोन, शून्य. हा हिशोब जुळताना बघणं म्हणजे दिवसाच्या शेवटी गल्ला पै-पैशापर्यंत जुळल्यासारखं वाटतं.

आता गाठीकडे येतो. संमिश्र संख्यांच्या जगात आपला वक्र खरं तर चार मितींच्या अवकाशातला एक पृष्ठभाग असतो. त्या बिघडलेल्या बिंदूभोवती अगदी लहान गोल कल्पा, त्या गोलाचं कवच तीन मितींचं असतं, आणि वक्र त्या कवचाला छेदतो तिथे एक बंद दोरा तयार होतो. बिंदू गुळगुळीत असेल तर दोरा साध्या बांगडीसारखा असतो. पिंपळाच्या टोकावर तो तीन पाकळ्यांची गाठ बनतो जिला ट्रेफॉइल म्हणतात. आणि ३-५ च्या वक्रावर काय होतं ते मेदूवड्यावर बघा, दोरा घेऊन वड्याच्या भोकातून आतबाहेर असा ५ वेळा आणि वड्याच्या भोवती लांबून ३ वेळा गुंडाळायचा आणि टोकं जोडायची. ही गाठ सुटत नाही. हे सगळं कार्ल ब्राउनर यांनी १९२८ मध्ये दाखवलं, आणि योगायोग बघा, त्याच वर्षी अमेरिकेत जेम्स अलेक्झांडर यांनी गाठी ओळखण्याचं एक बहुपद प्रसिद्ध केलं ज्याला आज अलेक्झांडर पॉलिनॉमियल म्हणतात.

ते पॉलिनॉमियल एरवी काढायला बरीच खटपट लागते, पण इथे नाण्यांवरून मिळतं, आणि हे तुम्ही कागदावर स्वतः करून बघाच. ० पासून सुरुवात करा, रक्कम जमत असेल तर १ लिहा, नसेल तर ० लिहा. असं येईल: १, ०, ०, १, ०, १, १, ०, १, १, १ आणि पुढे सगळे १. आता प्रत्येक आकड्यातून त्याच्या डावीकडचा आकडा वजा करा. येतं १, −१, ०, १, −१, १, ०, −१, १ आणि मग शून्यच शून्य. हे मेदूवड्यावरच्या त्या गाठीच्या अलेक्झांडर पॉलिनॉमियलचे सहगुणक आहेत, जसेच्या तसे. उलट्या बाजूने वाचा, तेच आकडे येतात, तो मघाचा आरसा. सपाटीवरच्या एकाच शाखेच्या सिंग्युलॅरिटीत गाठ कळली की सेमीग्रुप कळतो आणि सेमीग्रुप कळला की गाठ, हे १९३२ च्या सुमारास बुराउ आणि झारिस्की यांच्या कामातून स्पष्ट झालं. एकाहून जास्त शाखा असतील तर असंच नातं टिकतं हे कँपिलो, डेलगादो आणि गुसैन-झादे यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवलं.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. चौकटीचा कागद घ्या, ५ रुंद आणि ३ उंच असा आयत आखा, खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्यात कर्ण काढा. कर्णाच्या वर, कर्णाला न कापता पूर्ण उरलेले चौकोन किती? सगळ्यात वरच्या ओळीत तीन, मधल्या ओळीत एक, खालच्या ओळीत एकही नाही. एकूण चार. आता वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या चौकोनात ७ लिहा (१५ वजा ३ वजा ५), उजवीकडे सरकलं की ३ कमी करा आणि खाली सरकलं की ५ कमी करा. वरच्या ओळीत ७, ४, १ येतात आणि ७ च्या खाली २. न जमणाऱ्या चारही रकमा, प्रत्येक चौकोनात एक, कोणी उरला नाही आणि कोणी दोनदा आला नाही.

मग त्याच आयतात एक खेळ खेळा, खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्यात जायचं, फक्त उजवीकडे किंवा वर, आणि कर्णाच्या वरच राहायचं. असे रस्ते किती? मोजलेत तर ७ येतात. हे मोजणं सेमीग्रुपच्या भाषेत असं होतं: मिळणाऱ्या संचात काही गॅप वरून टाकायच्या, पण नियम असा की एखादी गॅप आत घेतली तर तिच्यात ३ किंवा ५ मिळवून जे येईल तेही आत असलंच पाहिजे. १ घेतला तर ४ घ्यावा लागतो, ४ घेतला तर ७, आणि २ घेतला तरी ७. म्हणजे काहीच न घेणं, नुसता ७, मग ४-७, मग १-४-७, मग २-७, मग २-४-७, आणि शेवटी चारही. सातच. आणि आयतात बघितलं तर प्रत्येक रस्त्याने वरच्या डाव्या कोपऱ्यात कापून काढलेले चौकोन हेच सात गट आहेत.

याचा वक्राशी काय संबंध, तर प्रत्येक सिंग्युलॅरिटीला एक कॉम्पॅक्टिफाइड जॅकोबियन नावाचा अवकाश चिकटलेला असतो. सोप्या शब्दात, ट च्या घातांच्या मालिकांचे असे सगळे समूह घ्यायचे जे क्ष आणि य ने गुणलं तरी स्वतःच्या बाहेर जात नाहीत, आणि फार मोठे-फार लहान नकोत म्हणून आकार ठराविक धरायचा. असा प्रत्येक समूह म्हणजे त्या अवकाशातला एक बिंदू. समूहातल्या मालिकांच्या ऑर्डरी लिहून काढल्या आणि सगळ्यात लहान ऑर्डर ० धरून बाकीच्या मोजल्या की वर सांगितलेल्या सातांपैकीच एक गट निघतो, मग तो अवकाश आपोआप सात तुकड्यांत कापला जातो, आणि प्रत्येक तुकडा अगदी साधा सपाट, बिंदू, रेषा किंवा प्रतल किंवा त्याहून जास्त मितींचा पण तसाच सरळ. म्हणून त्या अवकाशाचा ऑइलर अंक ७, कारण त्या मोजणीत असा प्रत्येक सपाट तुकडा १ धरला जातो. पिंपळाच्या टोकासाठी हेच केलं तर तुकडे दोन येतात, एक रेषा आणि एक बिंदू, आणि ते जोडलं तर परत टोक असलेला तोच वक्र मिळतो. प आणि क नाण्यांसाठी सूत्र आहे, (प+क) मधून प निवडायच्या पद्धती भागिले (प+क). आपल्यासाठी ८ मधून ३ म्हणजे ५६, भागिले ८, सात. नाणी लागोपाठची घेतली, २-३, ३-४, ४-५, तर आकडे येतात २, ५, १४, म्हणजे कंसांच्या जुळण्या मोजताना येणारे प्रसिद्ध कॅटलान अंक. यात बोव्हिल, पिओंटकोव्स्की, गोर्स्की आणि माझिन यांचं काम आहे, आणि ओब्लोमकोव्ह आणि शेंडे यांनी पुढे असाही अंदाज मांडला की वक्रावरच्या बिंदूंचे गट नीट मोजले तर अलेक्झांडरपेक्षा कितीतरी बारकाईचं, होमफ्लाय नावाचं गाठीचं पॉलिनॉमियल मिळतं. दवेश मौलिक यांनी तो सिद्ध केला.

आतापर्यंत नाणी दोनच होती कारण मी सोपा वक्र घेतला होता. खरी मजा पुढे आहे. क्ष = ट चा ४ था घात, आणि य = ट चा ६ वा घात अधिक ट चा ७ वा घात. नाणी वाटतात ४ आणि ६ ची, दोन्ही सम, म्हणजे विषम रक्कम कधीच यायला नको. पण य चा वर्ग करा: ट चा १२ वा, अधिक २ वेळा १३ वा, अधिक १४ वा. क्ष चा घन म्हणजे १२ वा. दोघांची वजाबाकी केली की १२ उडाला, आणि ऑर्डर आली १३! आधी कुठल्याच नाण्यावर न छापलेली रक्कम दोन मोठ्या रकमा एकमेकांना खाऊन गेल्यावर वर आली. या वक्राची नाणी तीन, ४, ६ आणि १३, आणि गॅप आठ: १, २, ३, ५, ७, ९, ११, १५. जोड्या १५ बेरजेच्या लावून बघा, आरसा शाबूत आहे. अशा वक्रांना ट च्या घातांत उलगडायची युक्ती न्यूटनने १६७६ च्या एका पत्रात लिहून ठेवली होती आणि प्युझो यांनी १८५० मध्ये ती पक्क्या पायावर उभी केली.

य चा वर्ग वजा क्ष चा घन, ज्याने १३ हुडकून काढलं, ते म्हणजे या वक्राच्या मूळ समीकरणाचं (ज्यात य चा घात ४ पर्यंत जातो) अंदाजे वर्गमूळ आहे. मूळ समीकरण त्याच्या वर्गातून थोडंसं काही वजा करून बनतं. असल्या अंदाजे मुळांना गणितात हत्यार म्हणून वापरलं ते श्रीराम अभ्यंकर यांनी. उज्जैनला १९३० मध्ये जन्म, मराठी घर, हार्वर्डला झारिस्कींचे विद्यार्थी, पुढे अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक, आणि १९७६ मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान त्यांनीच सुरू केलं. शाळेतल्या बीजगणिताची ताकद लोक विसरतात असं ते कळकळीने सांगत, आणि त्यांचं आणि टी. टी. मोह यांचं १९७५ चं प्रमेय बघितलं की ते का सांगत ते कळतं.

प्रश्न असा. सरळ रेषेला सपाटीवर वाकवून ठेवायची, क्ष आणि य दोन्ही ट ची बहुपदं, पण कुठेही टोक नको आणि कुठे स्वतःला छेदणंही नको. मग दोन बहुपदांचे घात कसे असू शकतात? इथे सगळ्यात लहान घाताऐवजी सगळ्यात मोठा घात बघायचा, नाणी तीच, बघायची दिशा उलटी, अनंताकडून. रेषा नीट ठेवली गेली असेल तर क्ष आणि य पासून बनलेलं कुठलं तरी बहुपद बरोबर ट यायला हवं, म्हणजे १ रक्कम जमायला हवी. घात २ आणि ३ असतील तर? क्ष आणि य चं कुठलंही बहुपद शेवटी (क्ष चं काहीतरी) अधिक (क्ष चं काहीतरी) गुणिले य असं लिहिता येतं, पहिल्या भागाचा घात सम, दुसऱ्याचा विषम आणि किमान ३, दोघे एकमेकांना उडवू शकत नाहीत, म्हणून १ कधीच येत नाही. म्हणजे २ आणि ३ घातांनी रेषा नीट ठेवताच येत नाही. वर्ग आणि घन घ्या, टोक येतं. वर्ग आणि घन वजा ट घ्या, ट = १ आणि ट = −१ एकाच बिंदूवर येतात आणि वक्र स्वतःला छेदतो.

अवघड जागा ४ आणि ६ सारखी आहे, कारण तिथे वजाबाकीत वरचे घात उडतात आणि इथे उडाल्यावर रक्कम खाली खाली येत जाते, मग ती घसरत घसरत १ पर्यंत पोचणार नाही कशावरून? अभ्यंकर आणि मोह यांनी अंदाजे मुळं एकामागून एक घेऊन, प्रत्येक टप्प्याला नवीन नाणं कुठवर खाली जाऊ शकतं याचा हिशोब ठेवून दाखवलं की पोचत नाही. एका बहुपदाचा घात दुसऱ्याच्या घाताला भागत असेल तरच रेषा नीट बसते, आणि तसं असेल तर पायरी पायरीने घात कमी करत ती परत सरळ करता येते. सुझुकी यांनी संमिश्र संख्यांसाठी हेच १९७४ मध्ये वेगळ्या वाटेने सिद्ध केलं होतं. पण ४ आणि ६ घेऊन, य चा वर्ग वजा क्ष चा घन किती खाली आणता येतो ते स्वतः सहगुणक बदलून बघत बसलात, तर अभ्यंकरांची वाट हाताला लागते.